कला महाविद्यालयात सगळ्यांना जागा: विविधता आणि समावेशनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावातल्या एका कला महाविद्यालयात मराठी शिकवते आणि गेली काही वर्षं कॉलेजच्या समान संधी कक्षाचं काम पाहते. जून-जुलैत प्रवेशाच्या खिडकीशी आणि पुढे वर्षभर स्टाफरूमच्या दारात तेच ते प्रश्न येतात. काही पालकांचे, काही मुलामुलींचे, काही माझ्याच सहकाऱ्यांचे. उत्तरं महाराष्ट्रातल्या अनुदानित कॉलेजांना धरून दिली आहेत.

आरक्षण आहेच की. मग ‘समावेशन’ हे वेगळं काय काढलंय?

आरक्षणानं दार उघडतं. आत आलेल्या मुलीला बसायला जागा आहे का, तिचं कुणी ऐकतं का, ती तिसऱ्या वर्षापर्यंत टिकते का, हे त्यापुढचं काम.

हा विचार बाहेरून आलेला नाही. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९०१ मध्ये, कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं होतं आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहत गेली. नोकरीत जागा ठेवायची, तर त्या जागेपर्यंत पोचणारा मुलगा शिकताना राहील कुठे आणि जेवेल काय, हेही महाराजांनी पाहिलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचं एकत्र वसतिगृह काढलं. मुलं एका पंगतीत जेवायची आणि एकमेकांच्या हातचं खायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जे कॉलेज काढलं, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. तिथेही वर्गांच्या जोडीला वसतिगृहं होती. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली मुलं त्याशिवाय तिथे टिकलीच नसती.

हे कला शाखेलाच जास्त का लागू होतं?

लागू सगळीकडेच होतं. पण आमच्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये घरातलं पहिलंच कॉलेजात आलेलं मूल फार मोठ्या संख्येनं असतं. फी कमी, कॉलेज गावाजवळ, शेतीचं काम सांभाळून शिकता येतं, म्हणून बी.ए. निवडलं जातं. शिवाय इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मराठी या विषयांत आम्ही माणसांबद्दलच बोलत असतो. समाजशास्त्राच्या तासाला जातिव्यवस्था शिकवायची आणि मधल्या सुट्टीत डबे जातीनुसार वेगळे बसलेले पाहायचे, हे मला सहन होत नाही.

वर्गात येऊन “एस.सी., एस.टी.च्या विद्यार्थ्यांनी उभं राहा” असं सांगितलं तर बिघडलं काय? शिष्यवृत्तीचीच तर सूचना असते.

बिघडतं, आणि या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे.

माझ्या विद्यार्थिदशेत हे दर महिन्याला व्हायचं. शिपाई नोटिशीची वही घेऊन यायचा, सर वाचायचे, ठरावीक मुलं उभी राहायची आणि बाकीचे वळून बघायचे. माझ्या बाकावरची मैत्रीण एके दिवशी उभी राहिली नाही. तिचा फॉर्म राहून गेला आणि वर्षाची शिष्यवृत्ती बुडाली. “तेव्हाच सांगायचं होतंस,” असं ऑफिसात तिलाच ऐकवलं गेलं. तिला कुणी मारलं नव्हतं की शिवी दिली नव्हती, पण साठ मुलांसमोर तिची जात जाहीर करण्याची अट मात्र घातली गेली होती.

याला पैसा लागत नाही, थोडा विचार लागतो. शिष्यवृत्तीच्या सगळ्या योजनांची माहिती सगळ्या वर्गाला एकत्र द्यावी, कारण आज जवळपास प्रत्येक प्रवर्गासाठी आणि कमी उत्पन्नाच्या खुल्या प्रवर्गासाठीही काही ना काही योजना आहे. ज्याचा फॉर्म अडला आहे, त्याला फोनवर किंवा स्वतंत्र संदेशानं कळवावं. नोटीस बोर्डावर नावापुढे प्रवर्ग लिहून याद्या लावू नयेत, अर्ज क्रमांक पुरतो. हजेरीपटावरही जातीच्या क्रमानं नावं नकोत. आमच्याकडे हे बदलायला एक बैठक आणि एक परिपत्रक एवढंच लागलं. त्यानंतर पहिल्याच वर्षी फॉर्मसाठी स्वतःहून विचारायला येणारी मुलं वाढल्याचं ऑफिसातल्या भाऊंनीच मला सांगितलं.

शिष्यवृत्तीसाठी नेमकं कुठे जायचं?

अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप, म्हणजे फीमाफी, आहे. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत, म्हणून ऑफिसात विचारा. एक गोष्ट मात्र आधीच तपासा: तुमचं आधार कोणत्या बँक खात्याला जोडलेलं आहे? पैसे त्याच खात्यात जातात. घरच्यांनी कधीकाळी उघडून विसरलेल्या खात्यात शिष्यवृत्ती जाऊन पडल्याची उदाहरणं मी दरवर्षी पाहते.

आमच्याकडे जातीचा दाखलाच नाही. मुलीला प्रवेश मिळेल का?

प्रवेश मिळेल. दाखला नसल्यामुळे शिक्षणच बंद, असं कुठेही नाही. सवलत मात्र दाखल्याशिवाय मिळत नाही, आणि अडचण तिथेच आहे. जातीच्या दाखल्यासाठी ठरावीक तारखेआधीचा वास्तव्याचा पुरावा मागतात: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७.

आता विचार करा. आज विमुक्त म्हणवल्या जाणाऱ्या जमातींना इंग्रजांच्या १८७१च्या कायद्यानं जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा रद्द होऊन ही माणसं विमुक्त झाली ती १९५२ मध्ये. पालावर राहणाऱ्या, गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबाकडे १९६१ सालचा कागद कुठून यायचा? आजोबा शाळेत गेले नाहीत, जमीन नाही, घरपट्टी नाही. ज्यांना सवलतीची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्यासाठीच तिची वाट सगळ्यात लांबची.

आम्ही करतो ते असं: अशा मुलीबरोबर एक प्राध्यापक सेतू केंद्रात आणि प्रांत कार्यालयात जातो. चुलत्याचा, आत्याच्या मुलाचा, कुणाचाही जुना शाळेचा दाखला निघतो का, ते शोधतो. तोपर्यंत कॉलेज तिला फीसाठी अडवत नाही. ‘कागद आणा, मग बघू’ म्हणणं सोपं असतं, पण असं सांगून परत पाठवलेली मुलगी पुन्हा क्वचितच येते.

मी बोलते ते ‘अशुद्ध’ आहे म्हणून हसतात. वर्गात बोलूच नये असं वाटतं.

बोल. माझ्या तासाला तर नक्की बोल.

अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी या बोली मराठीचंच वैभव आहेत. गोंडी, कोरकू, कोलामी या तर स्वतंत्र भाषा आहेत. गोंडी आणि कोलामी द्राविडी कुळातल्या आणि कोरकू मुंडा कुळातली. मेळघाटातून आलेल्या मुलासाठी मराठी ही दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी असते. म्हणजे तो आमच्यापैकी अनेकांपेक्षा एक भाषा जास्त जाणतो. त्याच्या उत्तरात ‘ळ’चा ‘य’ झाला किंवा लिंग चुकलं म्हणून त्याला इतिहास कळला नाही असं होत नाही. लेखनाचे नियम शिकवणं माझं काम आहे आणि मी ते शिकवते. तोंडी बोलताना मात्र टोकत नाही. पहिल्या सत्रात मी मुलांना घरच्या बोलीतले दहा शब्द वहीत लिहून आणायला सांगते. त्यानंतर वर्गाचा आवाज बदलतो.

महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेव्हा उच्च शिक्षण मातृभाषेतून देण्याचा आग्रह धरला. त्याचं कारण अगदी हेच होतं: घरातून थेट वर्गात आलेल्या बाईला स्वतःच्या भाषेत विचार करता यावा.

माझा मुलगा दृष्टिहीन आहे. बी.ए. झेपेल का? कॉलेज काय करेल?

झेपेल. अडतं ते बहुतेकदा आमच्या बाजूनं.

आधी हक्काचं सांगते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य आहेत. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असेल, तर शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि वयाच्या अटीत ५ वर्षांची सूट असते. परीक्षेत लेखनिक मिळतो, ज्याला मुलं ‘रायटर’ म्हणतात, आणि तासाला किमान २० मिनिटं वाढीव मिळतात. म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये हेही स्पष्ट केलं की, ज्याचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या मापात बसत नाही, पण ज्याला हातानं लिहिणं खरंच अवघड आहे, अशा विद्यार्थ्यालाही लेखनिक नाकारता येणार नाही.

आता रोजच्या अभ्यासाचं. दृष्टिहीन मुलं मोबाईल आणि संगणकावर पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली, वापरतात. एनव्हीडीए हा त्यातला फुकट मिळणारा आणि मराठी वाचणारा. पण आम्ही प्राध्यापक नोट्स कशा देतो? जुन्या श्रीलिपी किंवा तसल्याच फॉन्टमध्ये टाइप करून, नाहीतर पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून त्यांची पीडीएफ करून. पडद्यावर आपल्याला सुबक मराठी दिसतं, पण त्या फॉन्टमागे खरी अक्षरं मराठी नसतात. त्यामुळे पडदावाचक निरर्थक इंग्रजी अक्षरं बडबडतो. फोटोच्या पीडीएफवर तर तो गप्पच राहतो. माझ्या एका विद्यार्थ्यानं मला हे पहिल्यांदा ऐकवलं. मी मोठ्या मेहनतीनं केलेल्या नोट्स त्याच्या कानात कशा वाजतात, ते त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावून दाखवलं. त्या रात्रीपासून मी युनिकोडमध्येच, म्हणजे पडदावाचकाला मराठी म्हणून ओळखता येणाऱ्या अक्षरांतच, टाइप करते.

तेव्हा प्रवेश घेताना कॉलेजला तीन गोष्टी विचारा. नोट्स युनिकोडमध्ये मिळतील का? लेखनिकाची सोय परीक्षेच्या आदल्या दिवशी होते की सत्राच्या सुरुवातीला? आणि वर्ग तळमजल्यावर घेता येईल का? तिसरा प्रश्न तुमच्या मुलाला कदाचित लागणार नाही, पण कुबड्यांवर येणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागेल. तुम्ही विचारल्यामुळे त्याचंही काम होईल.

हजेरी ७५ टक्के हवी म्हणता. आम्ही ऊसतोडीला जातो. कसं जमायचं?

हा प्रश्न मला बीडकडच्या एका मुलीनं विचारला होता. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे पहिल्या सत्राच्या परीक्षेपासून दुसरं सत्र जवळजवळ संपेपर्यंत. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या हिशेबानं मिळते. लग्न झालेली विद्यार्थिनी घरी राहिली तर कोयता अर्धाच राहतो. तिला ‘अभ्यास महत्त्वाचा, जाऊ नको’ असं सांगणं मला जमलं नाही, कारण घरची उचल मी फेडणार नव्हते.

नियम कॉलेजच्या हातात नसतो, पण मधली वाट असते. जाण्याआधी तिच्याकडून अभ्यासाचं वेळापत्रक करून घेणं, व्याख्यानं ध्वनिमुद्रित करून पाठवणं, अंतर्गत मूल्यमापनाचे प्रकल्प फडावर बसून करता येतील असे देणं. तिनं प्रकल्पासाठी टोळीतल्या बायकांच्या ओव्या गोळा केल्या. माझ्या आजवरच्या शिकवण्यात मला मिळालेला तो सगळ्यात चांगला प्रकल्प आहे.

कार्यक्रम दुपारी चारला ठेवले तर त्यात काय वाईट?

शेवटची एसटी साडेपाचची असेल तर वाडी-वस्तीवरची मुलगी येऊ शकत नाही. वक्तृत्व, नाटक, एन.एस.एस.च्या बैठका सगळं चारनंतर ठेवलं, की पुढारपण आपोआप गावातच राहणाऱ्या मुलांकडे जातं. कार्यक्रम सकाळी घ्या.

खोली भाड्यानं घेताना आधी आडनाव विचारतात. कॉलेज यात काय करू शकतं?

घरमालकावर कॉलेजचा अधिकार चालत नाही. पण खोल्यांची यादी कॉलेजच मुलांना देत असेल, तर आडनाव किंवा धर्म विचारणाऱ्याचं नाव यादीतून काढता येतं. आम्ही दोन नावं काढली. कॉलेजच्या स्वतःच्या वसतिगृहात खोल्या प्रवेशाच्या क्रमानं द्याव्यात, ‘आपापल्यांत’ वाटू नयेत. मेसमध्ये कुणाच्या ताटात काय आहे यावरून टेबलं वेगळी करू नयेत.

जातीवरून टोमणे मारले तर तक्रार कुठे करायची?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२च्या समतेच्या नियमावलीनुसार कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असतो. त्याच्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. जात, धर्म, प्रदेश, भाषा, रूप, लैंगिक ओळख यांवरून छळ होत असेल, तर तो रॅगिंगही ठरतो, कारण २००९च्या रॅगिंगविरोधी नियमात २०१६ मध्ये तशी सुधारणा झाली आहे. महाराष्ट्रात तर १९९९ पासून रॅगिंगविरोधी स्वतंत्र कायदा आहे. प्रकार गंभीर असेल, तर पोलिसांत जाण्याचा मार्ग कॉलेजनं अडवू नये. ‘कॉलेजचं नाव खराब होईल’ असं जो सांगेल त्याचं ऐकू नका.

२०१६ मध्ये हैदराबादला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांचा आत्महत्येत जीव गेला; दोघांच्याही बाबतीत जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला. पायल जळगावच्या, आमच्याच भागातून शिकून गेलेल्या. दोघांच्या आया, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्या हेच विचारायला, की हे नियम कागदावर असताना राबवले का जात नाहीत? तक्रारपेटीला कुलूप लावून किल्ली हरवलेल्या प्रत्येक कॉलेजला त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे.

आणि मुलींची तक्रार?

लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे करायची. घटनेपासून तीन महिन्यांत, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिन्यांची मुदत मिळते. समितीच्या अध्यक्ष महिलाच असतात आणि बाहेरची एक सदस्यही असते. सदस्यांची नावं आणि फोन प्रवेशद्वाराजवळ लावलेले असायला हवेत. नसतील तर प्राचार्यांना लेखी विचारा.

तृतीयपंथी विद्यार्थी आला तर काय करायचं? आमच्याकडे कधी असं कुणी आलं नाही.

आलं नसेल असं नाही. सांगितलं नसेल. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४च्या निकालात तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता दिली. कॉलेजनं निदान एवढं करावं: हजेरी घेताना विद्यार्थी सांगेल त्या नावानं हाक मारावी, कुणीही वापरू शकेल असं एक स्वच्छतागृह ठेवावं, आणि विद्यार्थ्यानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय घरी कळवू नये. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे.

या सगळ्यात खुल्या प्रवर्गातल्या गरीब मुलाचं काय?

तोही यात आहे. युनिकोड नोट्स, सकाळचे कार्यक्रम, फीचे हप्ते, वेळेत कळलेली शिष्यवृत्ती यांतलं काहीही जात पाहून दिलं जात नाही. या प्रश्नामागे राग असतो, हे मला माहीत आहे. मी तो ऐकून घेते, कारण दुष्काळात बापाची जमीन गेलेल्या मुलाचा राग खोटा नसतो. मात्र त्याच्या गरिबीचं कारण शेजारच्या बाकावरची मुलगी नाही, हेही मी त्याला सांगते.

परदेशातल्या ‘लिबरल आर्ट्स’ कॉलेजांकडून काही घेण्यासारखं आहे?

एक कॉलेज मला फार जवळचं वाटतं: अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं बरिया. गुलामगिरीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या जॉन फी या धर्मोपदेशकानं ते १८५५ मध्ये सुरू केलं. यादवी युद्धानंतर तिथे काळी-गोरी मुलंमुली एकत्र शिकत. १९०४ मध्ये राज्यानं कायदा करून एकत्र शिकण्यावर बंदी घातली. कॉलेज सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलं आणि १९०८ मध्ये हरलं. १९५० मध्ये कायदा सैल झाल्यावर दारं पुन्हा उघडली. तिथे शिकवणीची फी घेत नाहीत आणि प्रत्येक विद्यार्थी कॉलेजात काम करतो. कर्मवीरांची ‘कमवा आणि शिका’ योजना आठवते ना? दोन टोकांच्या दोन माणसांना एकच उपाय सुचला.

आमच्या कॉलेजकडे पैसा नाही, माणसं नाहीत. सुरुवात कुठून करावी?

दोन याद्यांपासून. दोन वर्षांपूर्वीची प्रथम वर्षाची यादी घ्या आणि यंदाची तृतीय वर्षाची. पहिलीत असलेल्या आणि दुसरीत नसलेल्या नावांवर लाल पेनानं खुणा करा. मग त्या घरी फोन लावा. कुणाचं लग्न झालं असेल, कुणी पुण्याला कंपनीत लागलं असेल, कुणाची शिष्यवृत्ती अडली असेल, कुणाला वर्गात कुणीतरी काहीतरी बोललं असेल. आम्ही पहिल्या वर्षी हे केलं तेव्हा एका वडलांनी विचारलं, “मॅडम, आता परत येता येतं का?” येतं, म्हटलं. फॉर्म घेऊन मीच गेले.